कुस्ती निकाली होईपर्यंत : २०२४ चा खेळांचा उन्हाळा

पंचगंगाकाठ | ९ सप्टेंबर २०२४, रात्री १०:४०

काल रात्री पॅरिसमध्ये पॅरालिंपिकचा समारोप झाला. घरात गणपती आहेत, उद्या गौरी येणार, आरती होऊन सगळे झोपले. जूनपासून आज पहिल्यांदाच रात्री बघायला काही नाही, म्हणून लिहायला बसलोय.

युरोपवाले याला उन्हाळा म्हणतात. आमच्या कोल्हापुरात हे सगळं पावसाळ्यात झालं. टी-ट्वेंटी विश्वचषक, युरो, कोपा अमेरिका, विंबल्डन, ऑलिंपिक, पॅरालिंपिक. यातलं जेवढं जमलं तेवढं मी बघितलं, आणि बरंचसं वडिलांच्या शेजारी बसून. वडील ७८ वर्षांचे. खासबाग मैदानात त्यांनी इतक्या कुस्त्या बघितल्यात की कुठलाही खेळ ते कुस्तीसारखाच बघतात.

सुरुवात माझ्या एका चुकीपासून करतो. २९ जूनची रात्र, बार्बाडोसचा अंतिम सामना. आपल्या १७६ धावा. अक्षरच्या एका षटकात क्लासेननं २४ कुटल्या आणि दक्षिण आफ्रिकेला ३० चेंडूंत ३० हव्या होत्या, हातात सहा गडी. २०२३च्या १९ नोव्हेंबरचं अहमदाबाद, ती वनडे विश्वचषकाची हरलेली फायनल, माझ्या अंगातून तोवर गेलेली नव्हती. ती रात्र पुन्हा भोगायची माझी तयारी नव्हती. मी उठलो, चपला घातल्या. वडील एवढंच म्हणाले, "आता उठतोस व्हय? कुस्ती निकाली झाल्याबिगर मैदानातनं उठत न्हाईत."

मी उठलोच. रंकाळ्याच्या बाजूला चालत सुटलो. रस्ता रिकामा, प्रत्येक घरातून टीव्हीचा आवाज, आणि मी तो कानावर पडू नये म्हणून भरभर चालतोय. मग एकदम फटाके सुरू झाले. पळत घरी आलो तर वडील टीव्हीसमोर खुर्चीतच होते, डोळे पुसत. १७ वर्षांनी आपण टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकला होता आणि त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी होती.

नंतर त्यांनीच मला ती पाच षटकं सांगितली. हार्दिकनं क्लासेनला बाहेरच्या चेंडूवर कसं फसवलं, बुमरानं अठराव्या षटकात फक्त दोन धावा देऊन यान्सेनचा त्रिफळा कसा उडवला, अर्शदीपनं एकोणिसाव्यात चारच दिल्या, आणि शेवटच्या षटकात १६ हव्या असताना पहिल्याच चेंडूवर मिलरचा तो झेल. सूर्यकुमारनं चेंडू आत उडवला, स्वतः दोरीबाहेर गेला, परत आत येऊन पकडला. मी नंतर तो झेल पन्नासदा तरी बघितला असेल. पण निकाल माहीत असताना बघणं म्हणजे जेवण झाल्यावर पंगतीत जाऊन बसणं.

त्या रात्री ठरवलं, या वर्षी आता मधनं उठायचं नाही.

१४ जुलैच्या रविवारी त्याची पहिली परीक्षा झाली. संध्याकाळी अल्काराझनं जोकोविचला सरळ तीन सेटमध्ये हरवलं. रात्री साडेबाराला बर्लिनमध्ये युरोची फायनल, स्पेन-इंग्लंड. पामरनं बरोबरी केली आणि ८६व्या मिनिटाला ओयारसाबालनं स्पेनला जिंकून दिलं. पहाटे साडेपाचला मायामीत कोपाचा अंतिम सामना, अर्जेंटिना-कोलंबिया, तोही गेटवरच्या गर्दीमुळे तासाभराहून उशिरा सुरू झाला. मेस्सी दुखापत होऊन बाहेर गेला आणि बाकावर बसून लहान पोरासारखा रडला. आमच्या पेठेत अर्जेंटिनाचे झेंडे लावणारी पोरं आहेत, मीही त्यांतलाच. तिथेच उठून अंघोळीला जावंसं वाटलं होतं. बसलो. ११२व्या मिनिटाला लाउतारोचा गोल झाला. कामावर उशीर झाला, तो झाला.

मग महापूर. जुलैअखेर पंचगंगेनं ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली. सुतारवाड्यातली आत्याची माणसं आमच्याकडे राहायला आली. घरात नऊ जण. २६ तारखेला रात्री तिकडं सीन नदीतून भर पावसात खेळाडूंच्या बोटी चालल्या होत्या, आणि आत्या ते बघत दर दहा मिनिटांनी विचारत होती, "आपल्याकडं पाणी किती आलं बघ की." २८ला मनू भाकरनं १० मीटर पिस्तुलात कांस्य जिंकलं तेव्हा त्या नऊ जणांनी केलेला आवाज गल्लीत शेवटपर्यंत गेला. पूर आल्यापासून आत्या पहिल्यांदा हसली.

आणि १ ऑगस्ट. स्वप्नील कुसाळेची ५० मीटर रायफल थ्री पोझिशनची फायनल. कांबळवाडी, तालुका राधानगरी. ज्या धरणाच्या दरवाज्यांवर त्या आठवड्यात आमचं सगळ्यांचं लक्ष होतं, त्याच तालुक्यातला मुलगा. मी पतसंस्थेत काम करतो. गुरुवार होता, दुपारी एकची वेळ, जेवणाची सुट्टी. काउंटरवर पाण्याच्या बाटलीला टेकवून मोबाईल उभा केला.

नेमबाजी मला अजिबात कळत नव्हती. त्या पाऊण तासात थोडी कळली. आधी गुडघ्यावर बसून १५ गोळ्या, मग पालथं झोपून १५, मग उभं राहून. प्रत्येक गोळीला जास्तीत जास्त १०.९. आणि ५० मीटरवरचं ते दहाचं वर्तुळ केवढं, तर १०.४ मिलिमीटर. शर्टाची गुंडी. गुडघ्यावरच्या फेरीनंतर तो सहावा होता, १५३.३. झोपून झाल्यावर पाचवा, ३१०.१. ठेव मोडायला आलेले एक आजोबा पासबुक हातात धरून काउंटरच्या आत येऊन उभे राहिले, त्यांना कुणी थांबवलं नाही. उभ्या स्थितीत बाकीचे डळमळायला लागले आणि हा वर सरकत गेला. तिसरा. मग एकेका गोळीवर एकेक जण बाहेर. १०.५. मग ९.४, आणि आमच्या शिपायानं डोक्याला हात लावला. ९.९. १०.०. एकूण ४५१.४. कांस्य.

खेळ बघताना माणूस ओरडतो, हे मला माहीत होतं. इथं काउंटरवर सात-आठ जण होते आणि कुणी श्वाससुद्धा मोठ्यानं घेत नव्हतं. तो तिकडं ट्रिगरवर बोट ठेवून थांबला की आम्ही इकडं थांबायचो. मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस असलेला हा मुलगा बारा वर्षं आंतरराष्ट्रीय स्पर्धा खेळत होता, हे मला त्या दिवशी कळलं. कोल्हापुरात राहून मला त्याचं नाव जेमतेम माहीत होतं. याची लाज वाटते.

वडिलांना फोन केला. ते म्हणाले, "खाशाबांनंतर." पुढं बोलले नाहीत.

तुम्ही या उन्हाळ्यात काय शेवटपर्यंत बघितलंत? आणि कुठून उठून गेलात?

---

तलावपाळी | ९ सप्टेंबर, रात्री ११:२५

आत्याचं वाचून डोळ्यांत पाणी आलं.

मी ठाण्याची. २९ जूनला शेवटचा चेंडू बघितला, पण मला सांगायचंय ते ४ जुलैचं. संघ चक्रीवादळामुळे बार्बाडोसमध्ये अडकला होता, गुरुवारी सकाळी दिल्लीला पोचला आणि संध्याकाळी मुंबईत. ऑफिसमधून अर्धा दिवस काढून आम्ही चौघी मरीन ड्राइव्हला गेलो. चर्चगेटला उतरलो तेव्हाच कळलं की आता आपण चालत नाही आहोत, गर्दी आपल्याला नेते आहे. एका वेळी माझे दोन्ही पाय जमिनीवर नव्हते. शेजारची एक मुलगी घुसमटली, तिला कठड्यावर चढवलं. एवढी माणसं येणार हे कुणालाच कळलं नसेल असं मला वाटत नाही. दोऱ्या नाहीत, वाटा नाहीत, पाणी नाही. त्याचा राग अजून आहे.

पण त्याच गर्दीनं रुग्णवाहिकेला वाट करून दिली, हेही त्याच संध्याकाळचं. आणि बस दिसली, रोहित पुढं चषक घेऊन उभा, त्या दोन मिनिटांसाठी मी पुन्हा जाईन का? मैत्रिणी नाही म्हणतात. मी जाईन, पण माझ्या मुलीला नेणार नाही.

---

नेकारकाठ | १० सप्टेंबर, रात्री १:५०

श्टुटगार्टहून लिहितोय, इथं अकरा वर्षं झाली. युरो आमच्या गावात होती. ५ जुलैला जर्मनी-स्पेन उपांत्यपूर्व सामना इथंच झाला. तिकीट मिळालं नाही, श्लॉसप्लाट्झवरच्या मोठ्या पडद्यासमोर मुलाला खांद्यावर घेऊन उभा होतो. मुलगा इथंच जन्मला, त्याच्या अंगात जर्मनीचा शर्ट. मी कोणाच्या बाजूनं, हे मला अकरा वर्षांत कधी ठरवावं लागलं नव्हतं.

८९व्या मिनिटाला विर्ट्झनं बरोबरी केली तेव्हा मीही ओरडलो. अनोळखी माणसांनी मिठ्या मारल्या. मग जादा वेळेत कुकुरेयाच्या हाताला लागलेला तो चेंडू, पेनल्टी दिली नाही, आणि ११९व्या मिनिटाला मेरिनोचा हेडर. टोनी क्रूसचा कारकिर्दीतला शेवटचा सामना तसा संपला. माझ्या पुढं एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांनी झेंडा काढला, चारही टोकं जुळवून साडीसारखी घडी घातली, पिशवीत ठेवला आणि पडद्याकडे तोंड करून टाळ्या वाजवल्या. स्पेनसाठी. मुलगा खांद्यावर रडत होता, त्यांनी वर बघून त्याला काहीतरी सांगितलं, गोंगाटात मला ऐकू आलं नाही. त्यानं मान हलवली.

पुढं उपांत्य सामन्यात लामिन यामालनं फ्रान्सविरुद्ध तो लांबून मारलेला गोल केला तेव्हा तो १६ वर्षांचा होता. माझ्या मुलानं त्या दिवशी विचारलं, "बाबा, आता स्पेनचं बघू या का?"

---

लाल_माती | १० सप्टेंबर, सकाळी ९:१५

वडिलांना नमस्कार सांगा. "निकाली" हा शब्द अजून जिवंत आहे हे वाचून बरं वाटलं.

मी सांगली जिल्ह्यातली. आठ वर्षं कुस्ती खेळले, आता मुलींना शिकवते. मी ७ ऑगस्टबद्दल लिहिणार नव्हते, पण तुम्ही विचारलंत. ६ तारखेला विनेश फोगाटनं जपानच्या सुसाकीला हरवलं. जी आंतरराष्ट्रीय कुस्तीत कधीच हरली नव्हती, तिला शेवटच्या काही सेकंदांत. त्याच दिवशी आणखी दोन कुस्त्या जिंकून ती अंतिम फेरीत. आमच्या तालमीत त्या रात्री मुली झोपल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी वजन १०० ग्रॅम जास्त.

लोकांनी मला विचारलं, शंभर ग्रॅम म्हणजे काय, थोडे केस कापायचे. केसही कापले होते हो तिचे. आम्ही याला वजन तोडणं म्हणतो. दोन दिवस पाणी नाही, अंगात जाड कपडे घालून दोरीवरच्या उड्या. घाम यायचा थांबतो तरी उड्या सुरू. तोंडात थुंकीसुद्धा राहत नाही. ५३ किलोत खेळणारी मुलगी ५० मध्ये उतरली होती. एकदा वजन बसलं की तीन कुस्त्यांसाठी ताकद म्हणून खावं-प्यावं लागतं, आणि ते पाणी अंगात परत भरतं. नियम असा की स्पर्धा दोन दिवस, वजन दोन्ही सकाळी, आणि दुसऱ्या दिवशी बसलं नाही तर आदल्या दिवशी जिंकलेलं सगळं जाऊन थेट शेवटचा क्रमांक. वजन बसलं नाही म्हणून अंतिम कुस्ती खेळू देऊ नका, हे मला मान्य आहे. पण काल ती ५०च्या आत होती आणि जिंकली होती, ते कसं पुसता? माझं भांडण या एवढ्याच कलमाशी आहे.

खाशाबांचीही गोष्ट आठवा. १९५२ला हेलसिंकीत जपानच्या इशीबरोबरची लांबलेली कुस्ती संपली आणि त्यांना लगेच सोव्हिएत मल्लाशी उतरायला लावलं. मध्ये अर्धा तास विश्रांतीचा नियम होता, पण भांडायला आपला एकही अधिकारी जागेवर नव्हता. विनेशच्या बाजूनं निदान लवादापुढं वकील उभे राहिले. १४ ऑगस्टला अर्ज फेटाळला गेला तरी.

त्याआधी ९ ऑगस्टला अमन सेहरावतनं ५७ किलोत कांस्य आणलं. मी मुलींना ती कुस्ती बसवून दाखवली. एक जण म्हणाली, ताई, मला ५३लाच खेळायचंय, खाली नाही उतरायचं. मी बरं म्हटलं.

---

मधली_फळी | १० सप्टेंबर, दुपारी २:०५

धागा आवडला, तरी एक वेगळं मत मांडतो. शेवटपर्यंत बसणं आपल्या हातात आहे, ते ठीक. पण पॅरिसमध्ये ११७ खेळाडू गेले आणि सहा पदकं आली, एक रौप्य, पाच कांस्य. टोकियोत सात होती. चौथे क्रमांक सहा. बॅडमिंटनमधला लक्ष्य सेनचा कांस्यपदकाचा सामना मी शेवटपर्यंत बघितला. पहिला गेम २१-१३, दुसऱ्यात ८-३ अशी आघाडी, आणि तिथून हरला. दुसऱ्या दिवशी सगळीकडे "तू मनं जिंकलीस". मला ते पटत नाही. तो स्वतःही त्यावर समाधानी नसणार. आपण प्रेक्षक फार लवकर समजूत घालतो, आणि तशीच समजूत संघटना आणि अधिकारीही घालून घेतात.

स्वप्नीलचंच घ्या. २०२२च्या जागतिक स्पर्धेत तो चौथा आला होता. तेव्हा आपण किती जणांनी त्याला "मनं जिंकलीस" म्हटलं? कुणीच नाही. तो दोन वर्षं अजून राबला.

---

आष्टीकर | १० सप्टेंबर, सायंकाळी ७:३०

@मधली_फळी, तुमचा मुद्दा लक्ष्यपुरता मान्य. पण आकडा बघून सगळ्यांना एका ओळीत उभं करू नका.

मी बीड जिल्ह्यातल्या आष्टीचा, पुण्यात नोकरी करतो, पहाटे पळतो. अविनाश साबळे आमच्या तालुक्यातल्या मांडव्याचा. ८ ऑगस्टला मध्यरात्री सव्वाच्या सुमारास त्याची ३००० मीटर स्टीपलचेसची अंतिम शर्यत होती. आदल्या दिवशी विनेशचं झालेलं, कुणाचं लक्ष नव्हतं. आमच्या खोलीत मी एकटा जागा होतो, आवाज बंद करून.

तो अकरावा आला. ८ मिनिटं १४.१८ सेकंद. पदकतालिकेत याला जागा नाही. पण या शर्यतीत ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोचलेला तो पहिला भारतीय पुरुष. २८ अडथळे आणि सात पाण्याच्या उड्या, अडथळा जवळपास ९१ सेंटिमीटर आणि तो धक्का लागला तरी पडत नाही, माणूसच पडतो. त्या रात्री इथिओपियाचा गिर्मा पडला तो उठलाच नाही, स्ट्रेचरवरून नेला. अशा घोळक्यात आपला गडी साडेसात फेऱ्या पळाला. महिनाभर आधी पॅरिसमध्येच त्यानं ८:०९.९१चा राष्ट्रीय विक्रम केला होता, त्यामुळे तो स्वतः नाराज असणार, आणि त्यानं असावंही. आम्ही मात्र नाराज नाही. सैन्यात जाऊन सियाचिनला राहिलेला, शेतकऱ्याचा पोरगा. २०२२ला राष्ट्रकुलमध्ये केनियाच्या विजेत्यापेक्षा फक्त ०.०५ सेकंद मागं राहून रौप्य घेऊन आला.

आमच्याकडं ज्या वर्षी पाऊस पडत नाही त्या वर्षी अर्धं गाव ऊसतोडीला जातं. तिथला पोरगा पाण्याच्या खड्ड्यावरून उडी मारायची शर्यत पळतो. याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

---

मधली_फळी | १० सप्टेंबर, रात्री ८:१०

हे मान्य. साबळेची शर्यत मी बघितली नव्हती. आज रात्री बघतो.

---

तलावपाळी | १० सप्टेंबर, रात्री ९:००

@पंचगंगाकाठ, वडील "खाशाबांनंतर" म्हणाले त्यापुढचं लिहा ना. आणि नीरज चोप्राच्या भालाफेकीचं काय? आमच्या घरी ८ ऑगस्टला त्यावरच वाद झाला होता.

---

पंचगंगाकाठ | ११ सप्टेंबर, रात्री १०:१५

सगळ्यांचे प्रतिसाद वडिलांना वाचून दाखवले. लाल_माती यांचा दोनदा वाचायला लावला.

नीरजबद्दल आमच्याकडं वाद झाला नाही. त्याचे ८९.४५ मीटर, आणि पाकिस्तानच्या अर्शद नदीमचे ९२.९७. ऑलिंपिक विक्रम. वडील म्हणाले, समोरच्यानं डाव चांगला टाकला. एवढंच. तेवढ्यात नीरजच्या आईचं बोलणं दाखवलं, सुवर्ण जिंकला तोही आपलाच मुलगा आहे म्हणून, तेव्हा माझ्या आईनं टीव्हीला हात जोडले.

खाशाबा हेलसिंकीला गेले तेव्हा वडील सहा वर्षांचे. त्यांना स्वतःला आठवत नाही, पण त्यांच्या चुलत्यांनी हजारदा सांगितलेलं आहे. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. परत आल्यावर कऱ्हाडहून गोळेश्वरला शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक. चुलते त्यातल्या एका गाडीमागं चालत होते असं ते सांगायचे. वडिलांना खरं-खोटं माहीत नाही, पण ते तसंच सांगतात. १९५२च्या खाशाबांच्या कांस्यानंतर महाराष्ट्राच्या वाट्याला ऑलिंपिकचं वैयक्तिक पदक यायला २०२४ उजाडलं, ७२ वर्षं. म्हणजे वडिलांचं जवळपास सगळं आयुष्य या दोन पदकांच्या मध्ये गेलं. ते फोनवर गप्प का झाले, हे मला हे लिहिताना आत्ता कळतंय.

स्वप्नीलचा कोल्हापुरात सत्कार झाला तेव्हा त्यांना न्यायचं होतं. त्यांचे गुडघे गर्दीत टिकत नाहीत. घरूनच बघितलं.

पण गेल्या आठवड्यातली गोष्ट सांगायची राहिली. ४ सप्टेंबरला पॅरालिंपिकमध्ये सांगलीच्या आटपाडी तालुक्यातल्या सचिन खिलारीनं गोळाफेकीत रौप्य जिंकलं. लहानपणी अपघातात डावा हात गेल्यात जमा झालेला. फेक १६.३२ मीटर, सुवर्णवाल्याची १६.३८. वडिलांनी विचारलं, मधलं अंतर किती? सहा सेंटिमीटर म्हटलं. त्यांनी बोटं जुळवून बघितली. तीन बोटं, फार तर चार.

मग म्हणाले, आणि सोळा मीटर म्हणजे किती? दुसऱ्या दिवशी सकाळी मी टेप आणला. आमच्या उंबऱ्याला एक टोक धरून वडील उभे राहिले, दुसरं टोक घेऊन मी गल्लीत चालत गेलो. शेजारच्यांची मोटारसायकल बाजूला करावी लागली. १६.३२ला पिठाच्या गिरणीची पायरी आली. तिथं खडूनं रेघ मारली आणि वळून बघितलं तर वडील टेप सोडून, भिंतीला धरत धरत, ती रेघ बघायला स्वतः चालत येत होते.